झाकणाखालची जाग

१

म्हातारबाबांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून फिरत्या नर्सने आपल्या छोट्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं आणि पडदा काळाच राहिला. तिने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग दाबून धरून ठेवलं. यंत्र काही जागं होईना.

डोंगराच्या त्या बाजूला फोनला रेंज नव्हती. बाबा तापाने फणफणले होते, धाप लागली होती, शुद्ध अर्धी हरपली होती. त्यांच्या बायकोला ऐकू येत नव्हतं. "यांना कुठलं औषध सोसत नाही का?" असं सिस्टर घसा फोडून विचारत होती आणि ती बिचारी "तुम्हाला योग्य वाटेल ते द्या" एवढंच म्हणत होती. अशा वेळी जे इंजेक्शन सगळे देतात ते सिस्टरने दिलं. बाबांना नेमकं तेच सोसत नव्हतं. तसं कॉम्प्युटरमध्ये त्यांच्या फोटोखाली लाल अक्षरांत ठळक लिहिलेलं होतं, पण पडदाच काळा, तर ती लाल अक्षरं कुणाच्या कामाची? बाबा सिस्टरच्या हातावर गेले.

मग चक्रं फिरली. आरोग्य केंद्राने यंत्र ताब्यात घेऊन दुरुस्तीच्या खोलीतल्या कपाटात ठेवलं. पुढे कंपनीच्या माणसाने ते चार्ज करून तपासलं तर यंत्र ठणठणीत! झाकण लावून झोपवलं, तर अर्ध्या बॅटरीवरही ते आठवडाभर आरामात तग धरत होतं. सिस्टर मात्र सांगत होती की शनिवारी दुपारी झाकण लावलं तेव्हा निम्म्याहून जास्त बॅटरी होती आणि सोमवारी सकाळपर्यंत तिने यंत्राला हात लावला नव्हता. कंपनीने निष्कर्ष काढला, की बाई सुट्टीभर सिनेमे बघत बसल्या आणि आता अंगाशी आल्यावर धादांत खोटं बोलताहेत.

हे खरं ठरलं असतं तर सिस्टरची नोंदणी रद्द होणार होती. म्हणजे जन्मात पुन्हा कुणाची नाडी धरायची नाही. वर मृत्यूला कारण झाल्याचा खटला होता तो वेगळाच. समितीची बैठक पुढच्याच आठवड्यात होती आणि तिच्यापुढे चौकशीचा अहवाल ठेवायचं काम एका बाईंकडे आलं होतं.

बाई पेशाने इंजिनिअर आणि स्वभावाने चिवट. एकदा धरलेलं सोडत नाहीत म्हणून त्यांच्या मागे सगळे त्यांना चिमटाबाई म्हणायचे. त्यांना हे नाव ठाऊक होतं आणि मनातल्या मनात ते आवडायचंही.

२

सिस्टर आई आणि धाकट्या भावाबरोबर राहत होती. घर लहान, पण लखलखीत. भाऊ आरोग्य केंद्राच्याच दुरुस्तीच्या खोलीत कामाला होता. त्याने बाईंना खुर्ची दिली, पंखा लावला आणि बसायच्या आधीच तोंडाचा पट्टा सुरू केला.

"माझी ताई खोटं बोलणारी नाही, बाई. लहानपणी बरणी मी फोडायचो आणि 'मी फोडली' असं ही सांगायची, तेवढं एकच खोटं तिला येतं. तुम्ही त्या कंपनीवाल्याला पकडा."

"तुम्ही जरा बसा," बाई म्हणाल्या. "मला यांच्याशी बोलायचं आहे."

सिस्टर पलंगाच्या कडेवर ताठ बसली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती हळू बोलत होती, पण अडखळत नव्हती.

"यंत्र पूर्ण बंद करायचं नाही, असं आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलंय. बंद केलं की सगळ्या वस्तीची माहिती नव्याने उघडावी लागते, पेशंट खोळंबतात. म्हणून नुसतं झाकण लावायचं. उघडलं की सोडलं होतं तिथून पुढे सुरू."

"आणि चार्जर?"

"तो केंद्रातच असतो, पिशवी जड होते म्हणून. एरवी रोज काम संपलं की केंद्रात जाऊन यंत्र चार्जिंगला लावते, शनिवारीही. त्या शनिवारी पुलाचं काम चालू होतं, म्हणून परस्पर घरी आले."

"म्हणजे सुट्टीभर चार्जरशिवाय राहायची ही पहिलीच वेळ?"

"अलीकडच्या काळात, हो."

"यंत्राची त्याआधी काही कुरकुर होती का?"

"उलट!" सिस्टरच्या चेहऱ्यावर क्षणभर जीव आला. "आधी इतकं रडायचं! छातीचा एक एक्स-रे उघडायला लावला की तो दिसेपर्यंत पेशंटच्या घरचं पाणी पिऊन व्हायचं माझं. मग काही महिन्यांपूर्वी साफसफाई झाली त्याची, आणि काय पळायला लागलं! घोट घ्यायलाही सवड नाही. मी तर—"

"बॅटरी बघा, बाई, बॅटरी!" भाऊ मध्येच बोलला. "सगळा घोळ बॅटरीत आहे. हलक्या दर्जाच्या घातल्यात मेल्यांनी."

सिस्टर थांबली. बाईंनी बॅटरीबद्दल टिपून घेतलं. आतल्या खोलीत आईच्या रडण्याचा बारीक आवाज येत होता, आणि बाईंना तिथून कधी एकदा बाहेर पडते असं झालं.

३

केंद्रात दोन पुरुष एकमेकांकडे पाठ करून उभे होते. एक केंद्राचे मोठे डॉक्टर. दुसरे, ज्यांनी हे यंत्र बनवलं ते कंपनीचे इंजिनिअर. त्यांना सगळे वॉटसाहेब म्हणत. बाईंच्या आधी खोलीत शिरून त्यांनी जादा वाटणारे दोन दिवे बंद केले होते, यावरून नावाचा उलगडा झाला.

"या माणसाला मी दहादा सांगितलं, यंत्रं मंद आहेत, मेमरी वाढवून द्या," डॉक्टर तावातावाने म्हणाले. "हा म्हणतो, नाही म्हणजे नाही!"

"नाहीच," वॉटसाहेब म्हणाले. "बाई, तुम्ही इंजिनिअर आहात, तुम्हीच सांगा यांना. झाकण लावलं की पडदा झोपतो, प्रोसेसर झोपतो, सगळं घर झोपतं. जागी राहते ती एकटी मेमरी. तिची वीज तोडली की ती सगळं विसरते, म्हणून झोपेतही तिला घोटघोट वीज पाजत राहावं लागतं. मी शोधून शोधून कमीत कमी पिणाऱ्या चिप निवडल्या. लहान आहेत, मंद आहेत, पण आठवडा काढतात. साध्या, मोठ्या चिप घातल्या असत्या तर यंत्र पळालं असतं आणि झोपेत बॅटरी गिळून बसलं असतं."

"चालू असताना फरक कळत नाही?"

"फारसा नाही. चालू असताना पडदाच एवढा खातो की मेमरीचं खाणं त्यात दिसत नाही. ती चोरी फक्त झोपेत उघडी पडते."

डॉक्टरांनी नाक मुरडलं. दुरुस्तीच्या खोलीतल्या कपाटाला कुलूप असतं का, असं बाईंनी विचारलं, तेव्हा "असतं, पण किल्ली खिळ्यालाच अडकवलेली असते," असं त्यांनी जरा ओशाळून सांगितलं.

बाईंनी बॅटरी मोजून घेतली. चांगली होती. भावाचा घोळ तिथेच निकालात निघाला. मग त्यांनी सिस्टरला बोलावलं, कारण यंत्र पुन्हा तपासताना आरोप असलेली व्यक्ती समोर हजर असावी असा नियम होता. कंपनीच्या पहिल्या तपासणीत तो धाब्यावर बसवला गेला होता.

"म्हातारबाबांची माहिती उघडा," बाईंनी वॉटसाहेबांना सांगितलं. "तीच शेवटी हवी होती, नाही का?"

वॉटसाहेबांनी छातीच्या एक्स-रेवर बोट टेकवलं. पडद्यावर चक्र फिरू लागलं. फार उकडत होतं. बाईंनी समोरचा पेला उचलला, सावकाश पाणी प्यायलं आणि पेला खाली ठेवला, तेव्हा कुठे बाबांच्या बरगड्या एकेक करून दिसायला लागल्या.

सिस्टरचा चेहरा पांढराफटक पडला. ती पडद्याकडे बघत होती, मग एकदम खिडकीकडे बघायला लागली. आपल्या हातून गेलेल्या माणसाच्या छातीचा फोटो, तिला सोसवला नसेल, असं बाईंना वाटलं आणि आपण हे जरा निर्दयपणे केलं म्हणून वाईटही वाटलं.

बाई फाटकाशी पोहोचल्या तर सिस्टर मागून धावत आली.

"बाई," ती धापा टाकत म्हणाली, "मला माझा जबाब बदलायचा आहे."

४

"यंत्र पळत होतं, असं मी म्हणाले ना, ते खोडून टाका. तसं काही नव्हतं. जसं होतं तसंच होतं. मला उगाच वाटलं."

"साफसफाई झाली होती, म्हणालात."

"धूळ झटकली असेल मीच फडक्याने. लक्षात नाही." ती बाईंच्या नजरेला नजर देत नव्हती.

"सिस्टर, या गोष्टीने तुमचं काही नुकसान होत नव्हतं."

"मग फायदाही नाही ना? खोडा तर."

ती निघून गेली. बाई फाटकाच्या दांड्याला धरून उभ्या राहिल्या. त्यांनी पुष्कळ खोटारडे पाहिले होते. पण माणूस खोटं बोलतो ते स्वतःला वाचवायला. ही सिस्टर बुडत होती आणि हाताशी आलेली फळी स्वतः दूर ढकलत होती. का?

आणि मुळात हीच फळी होती, हे तिला कसं कळलं? खुद्द बाईंना तरी कुठे कळलं होतं?

त्या चालता चालता थांबल्या. घशाला पुन्हा कोरड पडली होती आणि त्यावरूनच त्यांना तो पेला आठवला. एक्स-रे उघडेपर्यंत त्यांनी पेलाभर पाणी संपवलं होतं. सिस्टर म्हणाली होती, घोट घ्यायलाही सवड नाही.

आज टेबलावर होतं ते यंत्र रडत होतं. सिस्टरच्या पिशवीतलं पळत होतं. यंत्र तेच होतं. मग त्याच्या पोटातलं काय बदललं होतं?

५

वॉटसाहेबांना पटवायला बाईंना नाकी नऊ आले.

"माझ्या यंत्रात मी माझ्या हाताने साध्या चिप घालू? हे पाप मला करायला लावू नका."

"एकाच यंत्रात. अर्ध्या बॅटरीवर झाकण लावून शनिवारी दुपारी ठेवा, सोमवारी सकाळी माझ्यासमोर उघडा."

शनिवारी यंत्र उघडलं गेलं. पोटात मेमरीची छोटी पट्टी होती, बोटाएवढी, खटक्यात बसवलेली. वॉटसाहेबांनी ती जड मनाने काढली आणि शेजारच्या मोकळ्या खटक्यासकट दोन्हीत मोठ्या, साध्या पट्ट्या बसवल्या. बाईंनी एक एक्स-रे उघडून बघितला. बोट टेकवायचा अवकाश, बरगड्या हजर.

सोमवारी सकाळी वॉटसाहेबांनी झाकण उघडलं. पडदा काळाच राहिला.

"बॅटरी मेली," ते पुटपुटले, आणि मग त्यांना काय झालं ते उमगलं. ते खुर्चीत बसले. "म्हणजे त्या नर्सबाई खरं बोलत होत्या! बाई, कुणीतरी माझं यंत्र बिघडवलं होतं आणि मागाहून पूर्ववत केलं. हे त्या डॉक्टरांचंच काम! मेमरी, मेमरी करून माझा जीव खात होते ते."

दाराशी उभे असलेले डॉक्टर लालबुंद झाले. "आणि तुझं कशावरून नाही? कपाट उघडून सगळ्यात आधी यंत्राला हात कुणी लावला?"

 बाईंना आता सगळं दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते मुळीच आवडत नव्हतं.

६

दुरुस्तीच्या खोलीत भाऊ एकटाच होता. एका जुन्या यंत्राचे स्क्रू काढून बशीत ठेवत होता. बाईंनी दार लोटून घेतलं आणि समोरच्या बाकावर बसल्या.

"तुमच्या ताई खऱ्या आहेत, हे सिद्ध झालं," त्या म्हणाल्या. "यंत्रात मोठी मेमरी होती. झोपेत तिने बॅटरी संपवली. बाबा गेल्यानंतर ती कुणीतरी काढली आणि जुनी पट्टी परत घातली."

"मी म्हणत होतो ना! तो कंपनीवाला—"

"मलाही आधी तसंच वाटलं. पण विचार करा. आपल्या यंत्रात परकी मेमरी त्याला सापडली असती, तर तो गप्प बसला असता? त्याने ती वाजतगाजत समितीपुढे नेली असती. त्याचं यंत्र निर्दोष ठरत होतं. लपवण्यात त्याचा तोटाच होता."

भावाचा हात बशीवर थांबला.

"मग डॉक्टर," तो म्हणाला.

"डॉक्टरांना मेमरी हवी होती, पण सगळ्या नर्सेससाठी. मी बाकीची यंत्रं बघून आले. एकूण एक मंद आहेत. ही मेहेरबानी फक्त एकीवर झाली. एकाच नर्सला पेशंटसमोर ताटकळत बसावं लागू नये, असं कुणाला वाटेल? ज्याला यंत्र उघडता येतं आणि जो रोज जेवताना तिची कुरकुर ऐकतो त्याला."

त्याने बशीतले स्क्रू उगाच इकडेतिकडे सरकवले.

"तुम्ही बॅटरीचं पालुपद लावलंत तेही कधी, तर ताई साफसफाईचं सांगत असताना. कुणी केली ती साफसफाई, हे मी विचारणारच होते."

भावाने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. 

"दमून यायची हो ती," तो म्हणाला. "म्हणायची, म्हातारी माणसं कण्हत असतात आणि मी चक्राकडे बघत बसते. मी पट्ट्या आणल्या आणि धूळ काढतो म्हणून यंत्र घेतलं. दुसऱ्या दिवशी आली ती नाचतच. मला इतकं बरं वाटलं! झोपेत किती वीज जाईल हे मी बघितलंच नाही. रोज चार्जिंगला लागतं, मग बघायचं कशाला?"

"आणि काढल्या का?"

"यंत्र कपाटात आलं आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मला वाटलं, यंत्रात ढवळाढवळ सापडली तर आळ ताईवरच येईल, यंत्र तिच्या सहीने दिलेलं आहे. तिला वाचवायला काढल्या, बाई, आईची शपथ! मग कंपनीने तपासलं, आणि मी काढल्या म्हणूनच ती खोटी पडली. त्यानंतर रोज ठरवायचो, आज सांगतो. सांगितलं की नोकरी गेली, कदाचित तुरुंगही. रोज उद्यावर टाकलं."

बाईंना त्याचा राग आला आणि त्याहून जास्त कीवही आली. "अहवाल मी लिहिणारच आहे," त्या म्हणाल्या. "पण ताईंना हे माझ्या कागदातून कळू नये. उठा, आत्ता चला. मी सोबत येते."

७

सिस्टर घरी कपड्यांच्या घड्या घालत होती. भावाच्या मागे बाईंना बघून तिचे हात थबकले. आई स्वयंपाकघराच्या दारात आली.

भाऊ उभ्या उभ्याच बोलला. आधी अडखळत, मग घडाघडा. पट्ट्या घातल्या त्या, काढल्या त्या, गप्प बसला तो, काही राखून ठेवलं नाही. आई खाली बसली आणि पदर तोंडाला लावला. सिस्टर मात्र हातातल्या चादरीची उरलेली घडी पूर्ण करत राहिली.

"ताई, काहीतरी बोल. मार हवं तर मला."

"मला माहीत होतं," सिस्टर म्हणाली.

भाऊ बघतच राहिला.

"त्या दिवशी बाबांचा एक्स-रे उघडेना, चक्र फिरत बसलं, तेव्हाच कळलं. यंत्र पुन्हा उघडलंय, आणि आमच्याकडे यंत्र उघडतो कोण, हे का मला सांगायला हवं?"

"म्हणून जबाब बदललात," बाई म्हणाल्या.

"लहान भाऊ आहे हो माझा."

"पण तुझी नोंदणी गेली असती, ताई! तू मला एका शब्दाने विचारलं का नाहीस?"

सिस्टरने चादर बाजूला ठेवली. इतका वेळ कोरडे असलेले तिचे डोळे भरून आले.

"मेमरी घातलीस त्याचं मला काही नाही रे. मायेने घातलीस. इंजेक्शन तर मीच दिलं, ते माझ्या माथी जन्मभर राहणार आहे. पण त्यानंतर तू रोज माझ्यासमोर जेवायला बसलास. मी रोज तुला वाढलं आणि रोज वाट बघितली, आज बोलेल म्हणून." तिने डोळे पुसले. "विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस, ते मलाही माहीत होतं. मला तू न विचारता सांगायला हवं होतंस."

भाऊ जमिनीवर बसला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. आई कुणाकडे जावं ते न कळून मध्येच उभी होती. बाईंना तिथे थांबवेना, पण पाय निघत नव्हते.

थोड्या वेळाने सिस्टर उठली. तिने चेहरा धुतला, केस सारखे केले आणि पायात चपला घातल्या.

"ऊठ," ती भावाला म्हणाली. "समितीला तू सांगशीलच. त्याआधी डोंगरापलीकडे जायचंय. त्या आजींना अजून वाटतंय, मी यंत्रावर सिनेमे बघत होते म्हणून त्यांचा माणूस गेला. खरं काय ते त्यांना तू सांगायचंस, मी काय केलं ते मी सांगेन. त्यांना ऐकू येत नाही, तेव्हा मोठ्याने बोलावं लागेल."

भाऊ उठला. दोघं रस्त्याला लागली, ती पुढे आणि तो दोन पावलं मागे.